गल्ल्यावर बसलेला मुलगा आणि डॉ. झाकीर हुसैन

गेल्या मे महिन्यात एकाच आठवड्यात दोन मुलांचे कागद माझ्याकडे आले. पहिला कागद एका स्नेह्याच्या मुलाचा. तो शहरातल्या महागड्या शाळेत अकरावीला आहे. सुट्टीत दहा दिवस वडिलांच्या मित्राच्या कंपनीत जाऊन बसला, तिथल्या लोकांनी त्याला दोन-तीन तक्ते करायला दिले, आणि निघताना जाड कागदावर छापलेलं इंटर्नशिपचं प्रमाणपत्र हातात ठेवलं. त्याचं मराठी तेवढं तपासून द्या, अशी विनंती होती. दुसरा कागद माझ्या भाच्याचा. तो यंदा दहावी झाला. आठवीपासून रोज संध्याकाळी मगरिबनंतर आणि सुट्टीत दिवसभर तो वडिलांच्या दुकानात असतो. मोबाइलची कव्हरं, चार्जर, काचा बदलणं असलं दुकान. माल कुठून आणायचा, कुठला चार्जर परत येतो, कुणाला उधार द्यायचं आणि कुणाला हसून टाळायचं, हे त्याला माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त कळतं. त्यानं एका अभ्यासक्रमाचा प्रवेशअर्ज भरून आणला होता. त्यात ‘कामाचा अनुभव’ असा एक रकाना होता. त्यापुढं त्यानं सरकारी शब्द लिहिला होता : निरंक.

“मामू, हे बरोबर आहे ना?” त्यानं विचारलं. मला पटकन उत्तर देता आलं नाही. मग मनात आलं, की हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी विचारला गेला आहे, वर्ध्यात, आणि तो विचारणाऱ्या समितीच्या अध्यक्षपदी एक मुसलमान होता. मराठीत या प्रसंगाचा उल्लेख झालाच तर ‘नई तालीम’ एवढ्या दोन शब्दांत उरकतात. मुस्लिम समाजाला तर तो आठवतच नाही. त्याची कारणं आहेत, त्याकडे पुढं येतोच.

शाळकरी वयात धंद्याचा अनुभव ही कल्पना नवी नाही, परदेशातूनही आलेली नाही. आपल्या भाषेत त्यासाठी नेमका शब्द आहे : उमेदवारी. आज तो बहुतांशी निवडणुकीपुरता उरला. पूर्वी एखाद्या पेढीवर, वकिलाकडे किंवा कारागिराकडे बिनपगारी अथवा नाममात्र पगारावर शिकायला राहणाऱ्या पोराला उमेदवार म्हणत. आपल्या घरांत त्यालाच शागिर्दी म्हणत. बारा-चौदा वर्षांचा मुलगा दुकानाची झाडलोट, पाणी भरणं, मालाची ने-आण इथून सुरुवात करायचा. मग त्याच्या हातात तागडी यायची, नंतर उधारीची वसुली. रोजकीर्द आणि खतावणी फार उशिरा दिसायची आणि हुंडी तर त्याच्याही नंतर, कारण तिथं पेढीची अब्रू असते. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत बोहरा, खोजा, मेमन, कोकणी मुसलमान, पारशी, भाटिया या सगळ्यांची व्यापारी माणसं याच रस्त्यानं घडली. सर जमशेटजी जीजीभाई १७८३ साली जन्मले आणि विशीच्या आतच चीनच्या पहिल्या सफरीवर गेले. पुढं त्यांच्या पेढीत भागीदार झालेले महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान, जहाजमालकांच्या घरातले. अशा घरांत पोरांना समुद्र, माल आणि हिशेब लहानपणीच ओळखीचे व्हायचे.

या पद्धतीबद्दल आपल्याकडे एक गोडवा आहे. ‘आमच्या पोरांना धंदा शिकवावा लागत नाही, तो रक्तातच असतो’ असं वाक्य लग्नाच्या पंगतीत हमखास ऐकू येतं. मला ते खोटं वाटतं. धंदा रक्तात नसतो, तो मामाच्या पेढीत असतो. ज्याचा मामा पेढीवाला त्यालाच उमेदवारी मिळायची. मेमनाच्या दुकानात मेमनाचा भाचा आणि बोहऱ्याच्या दुकानात बोहऱ्याचा पुतण्या बसायचा. १८५७ नंतर उत्तरेतून मालेगाव-भिवंडीकडे आलेल्या मोमीन विणकरांचं पोर त्या गादीवर कुठून बसणार? त्याच्या वाट्याला मागावरची कांडी भरणं यायचं. तेही लहानपणीचं कामच होतं, पण त्यात खतावणी कधीच यायची नाही. वीस वर्षं कांडी भरूनही सुताचा भाव कोण ठरवतं ते त्याला कुणी सांगत नसे. ‘मुसलमान धंदेवाला समाज’ असं म्हणताना या दोन मुलांमधलं अंतर आपण विसरतो.

मुंबईतल्या काही जाणत्यांना हे दिसत होतं. अंजुमन-ए-इस्लाम १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढली, ती मुलांना आधुनिक शिक्षण मिळावं म्हणून. व्यापारशिक्षणासाठी सिडनहॅम कॉलेज १९१३ साली सुरू झालं. हाजी साबू सिद्दीक या ऐन तरुणपणी वारलेल्या मेमन व्यापाऱ्याच्या पैशातून मुसाफिरखाना उभा राहिला, आणि १९३६ साली भायखळ्याला तांत्रिक शिक्षणाची संस्था आली. पण शाळा आणि दुकान ही दोन निराळी घरंच राहिली. पोरगा एक तर इकडे, नाही तर तिकडे. शाळेला दुकान म्हणजे अभ्यासातला अडथळा वाटायचं आणि दुकानाला शाळा म्हणजे वेळेचा खोळंबा.

ही भिंत पाडण्याचा गंभीर विचार ज्यांनी केला त्यात डॉ. झाकीर हुसैन यांचं नाव फार वरचं आहे. १८९७ साली हैदराबादेत जन्मलेल्या या माणसाची ओळख आपल्याला राष्ट्रपती म्हणून आहे. टपाल तिकिटावरचा दाढीवाला चेहरा, एवढीच. १९२० साली गांधीजींच्या हाकेवर अलीगढचं कॉलेज सोडून जामिया मिल्लियाच्या पायाभरणीत उतरलेल्या तरुणांत ते होते. नंतर बर्लिनला गेले, अर्थशास्त्रात पीएच.डी. केली. त्या वास्तव्यातली एक गोष्ट मला त्यांच्या पदवीपेक्षा मोठी वाटते. बर्लिनच्या काव्यानी छापखान्यात त्यांनी खिळे जुळवायला शिकून घेतलं आणि दीवान-ए-गालिबची एक देखणी आवृत्ती स्वतः उभं राहून काढली. अर्थशास्त्राचा विद्यार्थी हाताला शाई लावून गालिब जुळवतोय, हे चित्र डोळ्यांपुढं ठेवलं की पुढची त्यांची मतं हवेतून आलेली वाटत नाहीत.

जर्मनीतच त्यांच्यावर गेओर्ग केर्शेनस्टाइनर या शिक्षणतज्ज्ञाचा खोल ठसा उमटला. हे नाव मराठी वाचकाला अपरिचित आहे, म्हणून थोडं थांबतो. केर्शेनस्टाइनर १८९५ ते १९१९ म्युनिक शहराच्या शाळांचे प्रमुख होते. त्यांच्यापुढचा प्रश्न माझ्या भाच्याचाच होता. चौदाव्या वर्षी शाळा संपवून मुलं खाटकाकडे, सुताराकडे, बेकरीत, दुकानात कामाला लागत. अठराव्या वर्षापर्यंत त्यांचं काय करायचं? शहरात अशा मुलांसाठी पूरक वर्ग होते, पण तिथं तेच जुने धडे गिरवून घेत आणि कामावरून थकून आलेली पोरं पेंगत. केर्शेनस्टाइनरांनी १९०० पासून हे वर्ग धंद्यानुसार पाडायला सुरुवात केली. बेकरीतल्या मुलांचा वर्ग वेगळा, चांभारकाम करणाऱ्यांचा वेगळा, दुकानात काम करणाऱ्यांचा वेगळा. आठवड्यातले काही तास मालकानं मुलाला सोडायचंच. शाळेत त्याच्याच धंद्यातला माल, त्याच धंद्याचा हिशेब, त्याच धंद्याचे कायदे, आणि त्या अनुषंगानं नागरिकशास्त्र. जर्मनीत आज बहुतेक वेळ कारखान्यात आणि आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत अशी जी जगभर वाखाणलेली व्यवस्था आहे तिचं एक मूळ इथं आहे.

या विचारातलं झाकीर हुसैन यांनी जे उचललं ते मात्र तासांचं वेळापत्रक नव्हतं. काम आणि शिकवणारं काम यांतला फरक त्यांनी उचलला आणि आयुष्यभर लेखांतून, भाषणांतून मांडला. घाण्याचा बैलही काम करतो. काम शिकवणारं कधी होतं? काय करायचंय हे करणाऱ्याला स्वतःला स्पष्ट असेल, कसं करायचं याचा आराखडा त्यानं मनात बांधला असेल, मग हात चालवला असेल, आणि झाल्यावर आपलंच काम निर्दयपणे तपासून पाहिलं असेल, तेव्हा. यातला शेवटचा भाग त्यांना सर्वांत महत्त्वाचा वाटे. शिवाय त्या कामात स्वतःच्या फायद्यापलीकडचं काही तरी असलं पाहिजे, नाही तर ते हुशारी वाढवतं, माणूस वाढवत नाही.

१९२६ साली ते आबिद हुसैन आणि मुहंमद मुजीब या दोन मित्रांसह परतले आणि बुडायला आलेली जामिया अंगावर घेतली. वय एकोणतीस. पैसा नव्हता. १९२८ साली शिक्षकांनी वीस वर्षं सेवेची आणि दरमहा दीडशे रुपयांहून जास्त न घेण्याची शपथ घेतली, आणि प्रत्यक्षात तेवढेही हातात पडत नसत. पण याच फाटक्या संस्थेच्या प्राथमिक शाळेत एक विलक्षण गोष्ट चालू होती. तिथं ‘बच्चों की दुकान’ होती आणि ‘बच्चों का बँक’ होतं. मुलं वह्या-पेन्सिली विकत, नफ्यातोट्याचा हिशेब ठेवत. खाऊचे पैसे बँकेत ठेवत आणि बँकेची वही मुलंच लिहीत. कोंबड्या पाळायचा उपक्रम होता. मुलांची निवडलेली ‘बच्चों की हुकूमत’ होती. अब्दुल गफ्फार मुधोळी नावाचे शिक्षक या सगळ्यामागे होते. त्यांनी पुढं ‘जामिया की कहानी’ हा मोठा ग्रंथ लिहिला. गेर्दा फिलिप्सबोर्न ही जर्मन ज्यू बाईही इथं आली, बालवर्गात रमली, मुलांची ‘आपाजान’ झाली आणि १९४३ साली जामियातच तिची कबर झाली. १९३५ साली ओखल्याच्या नव्या इमारतीची कोनशिला बसवायची वेळ आली तेव्हा कुणा नवाबाला न बोलावता शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून ती बसवली. अशा संस्थेतल्या दुकानात पोरगं काय शिकत असेल याची कल्पना येते. शिलकीत चार आणे कमी आले तर ओरडायला तिथं कुणी शेठ नव्हता. ते चार आणे शोधायचे मुलांनीच.

एक मात्र नोंदवायला हवं. हे सगळं लहान मुलांचं होतं. हायस्कूलच्या वयाला, म्हणजे जिथं धंदा खरा होतो आणि नफा खरा होतो तिथं, जामियाचा हा प्रयोग त्याच जोमानं पोहोचला नाही.

आता वर्धा. १९३७ साली प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली. दारूबंदी करायची तर दारूच्या महसुलावर चालणारं शिक्षण बुडणार, हा पेच होता. गांधीजींनी ‘हरिजन’मधून तोड सुचवली : शाळा हस्तोद्योगातून चालवा, मुलांनी केलेल्या मालातून शिक्षकाचा पगार निघेल. यावर विचार करायला २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात परिषद भरली. अध्यक्ष स्वतः गांधीजी. समोर बहुतेक त्यांचेच अनुयायी. अशा सभेत झाकीर हुसैन यांनी उभं राहून सांगितलं, की हस्तोद्योगातून शिक्षण ही कल्पना आम्हा शिक्षणातल्या लोकांना नवी नाही, आणि ती चांगली आहे; पण शाळेनं आपला खर्च मुलांच्या मालातून काढावा या अटीत धोका आहे, कारण मग शिक्षक मुकादम होईल. अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी आणखी एक शंका काढली, की लाखो शाळांतला माल बाजारात आला तर त्याच गावच्या कारागिराचं काय होणार? विरोधात बोलणाऱ्या झाकीर हुसैन यांनाच गांधीजींनी समितीचं अध्यक्ष केलं. गांधीजींची ही खोड मला फार आवडते.

समितीत विनोबा होते, काका कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला, जे. सी. कुमारप्पा, कृष्णदास जाजू, आर्यनायकम दांपत्य, शाह, आणि पानिपतच्या हालींच्या घराण्यातले ख्वाजा गुलाम सय्यदैन. २ डिसेंबरला अहवाल तयार झाला. सात ते चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण, रोजचे साडेपाच तास, त्यातले तीन तास वीस मिनिटं हस्तोद्योगाला. म्हणजे अर्ध्याहून जास्त. पण त्याच अहवालात झाकीर हुसैन यांची भीतीही नोंदवलेली आहे. कमाईची बाजू वरचढ झाली, शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त माल काढण्याच्या मागे लागले आणि कामातला बौद्धिक व सामाजिक भाग विसरले, तर ही योजना मुलांचं शोषण होईल, असा इशारा तिथं स्पष्ट शब्दांत आहे. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसनं योजना स्वीकारली. हिंदुस्तानी तालीमी संघ निघाला, अध्यक्ष पुन्हा झाकीर हुसैनच.

आणि इथं आपला समाज बिथरला. त्यावेळच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात, म्हणजे वर्ध्याच्याच प्रांतात, रविशंकर शुक्ल यांनी ‘विद्यामंदिर’ नावाची वेगळी योजना आणली होती. दोन्ही योजना लोकांच्या मनात एकच झाल्या. शाळेला मंदिर का म्हणता, हा आक्षेप आला. धर्मशिक्षण कुठं आहे, अहिंसेवर एवढा भर का, उर्दूचं काय, हेही प्रश्न आले. १९३८ चा पीरपूर अहवाल काँग्रेसी प्रांतांतल्या तक्रारी सांगताना या गोष्टींवर आला आणि मुस्लिम लीगनं ‘वर्धा स्कीम’ हा शब्दच शिवीसारखा केला. यातले सगळेच आक्षेप खोटे होते असं मी म्हणणार नाही. नावाचा आक्षेप समजण्यासारखा होता, आणि राज्यकर्त्यांनी तो आडमुठेपणानं हाताळला. धर्मशिक्षण शाळेत असावं की घरात, यावरही प्रामाणिक मतभेद शक्य होता. मला खंत वाटते ती वेगळ्या गोष्टीची. त्या गदारोळात ज्या पोराबद्दल योजना होती त्याबद्दल एकही प्रश्न कुणी विचारला नाही. कांडी भरणाऱ्या मुलाला त्याच कांडीतून गणित येईल का, सुताचा भाव कळेल का? लीगच्या सभांत बोलणारे जमीनदार आणि वकील होते. त्यांच्या घरची मुलं मागावर नव्हती. झाकीर हुसैन यांच्यावर मात्र कौमशी दगाबाजी केल्याचा शिक्का बसला, तो बराच काळ पुसला गेला नाही.

योजनेचं पुढं काय झालं हे थोडक्यात सांगता येईल. अनेक ठिकाणी टकळी म्हणजे केवळ रिवाज झाला. चौदा वर्षांनंतरच्या मुलांसाठी सेवाग्रामला उत्तर बुनियादीचा प्रयोग झाला, पण तो तिथल्याच मातीत राहिला. ज्याच्यापाशी पैसा होता त्यानं मुलाला इंग्रजी शाळेत घातलं. हस्तोद्योगाची शाळा गरिबांसाठी, असा अर्थ रुजला.

साताऱ्यात मात्र याच काळात निराळ्या वाटेनं काही तरी उभं राहत होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान मुलं एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक करायची, शेतात राबायची. १९४० साली त्यांनी साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल काढलं. मोफत आणि निवासी, आणि तत्त्व एकच : कमवा आणि शिका. इथं वय हायस्कूलचं आहे हे महत्त्वाचं. भाऊरावांनी शिक्षणशास्त्राची भाषा फार वापरली नाही. पोरानं राबून स्वतःची फी फेडली की तो कुणाचा मिंधा राहत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. माझ्या वडिलांच्या पिढीतले कितीतरी मुसलमान शिक्षक रयतच्या खडीवर आणि शेतावर तयार झालेले मी पाहिले आहेत. त्यांच्या तोंडून तक्रारीही ऐकल्या आहेत. काम सक्तीचं होतं, पाठ दुखायची, आणि रात्री कंदिलापुढं पुस्तक उघडलं की अक्षरं हलायची. झाकीर हुसैन यांची भीती इथंही पूर्ण गैरलागू नव्हती.

स्वातंत्र्यानंतर हा धागा पुन्हा एकदा वर आला. १९६४ ते ६६ चा कोठारी आयोग. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, आपल्या आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी जोडलेले. आणि सदस्यांत तेच वर्ध्याच्या समितीतले सय्यदैन. आयोगानं ‘कार्यानुभव’ हा शब्द दिला आणि त्याची व्याख्या मोठी केली : शाळेत, घरात, शेतात, कार्यशाळेत, कारखान्यात, कुठंही प्रत्यक्ष उत्पादक कामात भाग घेणं. व्याख्येत ‘घरात’ हा शब्द आहे. म्हणजे वडिलांच्या दुकानात बसणारा मुलगा १९६६ पासून कागदोपत्री या व्याख्येत येतो. १९८६ पर्यंत दहावीनंतरचे निम्मे, म्हणजे ५० टक्के विद्यार्थी व्यवसायशिक्षणात असावेत असं उद्दिष्टही आयोगानं ठेवलं. १९८६ आलं तेव्हा नव्या शैक्षणिक धोरणानं तेच उद्दिष्ट कमी करून १९९५ पर्यंत २५ टक्क्यांवर आणलं. २०२० च्या धोरणात पुन्हा ५० चा आकडा आहे, मुदत २०२५. आकडा तोच, साल पुढं.

महाराष्ट्रातल्या शाळांत कार्यानुभव कसा आला हे माझ्या वयाच्या सगळ्यांना माहीत आहे. क्रेपच्या कागदाची फुलं, खडू तयार करणं, बटण लावणं, भेटकार्ड. आमच्या वर्गात एक मुलगा शिंप्याचा होता. घरी तो शर्ट बेतायचा. कार्यानुभवाच्या तासाला त्याला बटण लावून दाखवायला सांगितलं, आणि त्यानं दोरा दातानं तोडला म्हणून गुण कापले. तो हसला होता, पण पुढच्या वर्षी शाळेत दिसला नाही. बटणामुळं गेला असं नाही. घरची अडचण होती. पण शाळेला त्याला थांबवून ठेवण्याची एक संधी होती आणि ती कुणाच्या ध्यानातही आली नाही.

‘मुलांना लहानपणीच कामाला लावा’ असं मी म्हणतोय, असा कुणाचा गैरसमज नको. २००६ च्या सच्चर अहवालानं सांगितलं होतं, की सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुलं एक तर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली. हा आकडा छातीवर ठेवूनच या विषयावर लिहावं लागतं. गॅरेजमध्ये, बेकरीच्या भट्टीपुढं, जरीच्या कारखान्यात वाकून बसलेलं दहा वर्षांचं पोर ‘अनुभव’ घेत नसतं. बालमजुरीच्या कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलांना काम देण्यावर बंदी घातली, पण शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत कुटुंबाच्या धंद्यात मदत करायला मुभा ठेवली. या मुभेवर बालहक्कवाल्यांनी टीका केली आणि ती मला पटते, कारण मोहल्ल्यात ‘कुटुंबाचा धंदा’ या नावाखाली काय काय चालतं ते आपण जाणतो. चौदा ते अठरा या वयाची गोष्ट मात्र निराळी. धोक्याची कामं सोडून त्यांना काम करता येतं. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्यातही किमान वय चौदाच आहे. कायदा या मुलाला ओळखतो. शाळा ओळखत नाही.

आणि दुकान तरी त्याला कितीसं ओळखतं? माझ्या मेहुण्यांना मी विचारलं, पोराला खरेदीचा हिशेब दाखवता का? ते म्हणाले, “अहो, तो अजून लहान आहे. माल विकतो ना, तेवढं पुष्कळ.” महिन्याला दुकानाचं भाडं किती, वीजबिल किती, जीएसटीचा कागद कोण भरतं, चार्जरवर खरी मिळकत किती सुटते, यातलं भाच्याला काही ठाऊक नव्हतं. तीन वर्षं गल्ल्यावर बसूनही तो खतावणीपर्यंत पोहोचलेला नाही. मालेगावच्या कांडीवाल्या पोराचीच ही गत, फक्त इथं बाप आणि मालक एकच आहे. झाकीर हुसैन यांची कसोटी लावली तर त्याचा हात चालतो, पण आराखडा दुसऱ्याचा आहे आणि तपासणी कुणीच करत नाही.

म्हणून मग आम्ही एक केलं. शंभर पानी वही आणली. जून महिन्याचा त्या दुकानाचा सगळा हिशेब त्यानं लिहायचा असं ठरलं. मेहुण्यांनी आधी कुरकुर केली. घरातला पैसा वहीत आला की बायकोलाही कळतो, हे त्यांच्या कुरकुरीचं खरं कारण असावं. पहिल्या आठवड्यात शिल्लक दोनदा चुकली. दुसऱ्या आठवड्यात पोरानं बापाला सांगितलं, की काच बदलायच्या कामात आपण एक वस्तू धरतच नाही, फुटलेल्या काचा. दर दहा काचांत एक हातातच फुटते, तिचे पैसे कुठं लिहायचे? मेहुणे वीस वर्षं धंद्यात आहेत. त्यांनी मला फोन करून हे सांगितलं, आवाजात राग होता की कौतुक ते कळलं नाही. माझी बहीण मात्र आता रोज रात्री वही उघडून पाहते.

प्रवेशअर्जातला ‘निरंक’ आम्ही खोडला. त्या जागी लिहिलं : ‘मोबाइल साहित्य विक्री व दुरुस्ती, तीन वर्षे, एक महिन्याचा पूर्ण हिशेब सोबत.’ रकान्याच्या खाली बारीक अक्षरांत छापलेलं होतं, की अनुभवाचा दाखला जोडावा. मेहुण्यांच्या दुकानाला लेटरहेड नाही, शिक्का आहे. तो त्यांनी झेरॉक्स काढलेल्या वहीच्या प्रत्येक पानावर मारून दिला. अर्ज गेला आहे. अजून उत्तर आलेलं नाही.